अकोल्यातल्या दोन पेट्या

नोव्हेंबरचा दुसरा रविवार. उपासना आटोपल्यानंतर, दुपारी, अमरावतीला भावाच्या घरी. हजर: आई, मी, भाऊ, वहिनी आणि माझी धाकटी बहीण, जिच्यासाठी सगळे बसलो होतो. गैरहजर: माझे यजमान. त्यांना ड्युटी होती, आणि तसेही ते म्हणतात की तुमच्या माहेरच्या बैठकीत जावयानं बसू नये, तिथे देवालासुद्धा नियम पाळावे लागतात.

वडील गेल्यानंतरची ही पहिलीच बैठक. त्यांची खुर्ची कोणी घेतली नव्हती. ती मुद्दाम रिकामी ठेवली होती असंही नाही. वहिनीनं तिच्यावर वाळलेले कपडे ठेवले होते.

आमच्या घरची ही रीत वडिलांनी घातली. ते दवाखान्यात कंपाउंडर होते. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कोणीही काही ठरवायचं म्हटलं की ‘प्रार्थना करून पाहू’ म्हणतात. लग्न असो, बदली असो, नाहीतर दारात बोअर मारायची असो. वडिलांचं म्हणणं असं की प्रार्थना सगळे करतात, पण त्या आठवड्यात एकमेकांचे कान इतके भरतात की शेवटी देवाचं म्हणून जे पुढे येतं ते मोठ्या मामाचं असतं. म्हणून त्यांनी नियम केले. विषय देवापुढे ठेवायचा आणि एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंत त्यावर आपसात बोलायचं नाही. मग एकत्र बसायचं. सगळ्यात लहान त्यानं आधी सांगायचं, म्हणजे मोठ्यांचं ऐकून तो बदलणार नाही. ज्याचा विषय त्यानं सगळ्यात शेवटी. मत द्यायचं नाही. आठवडाभरात जे मनात आलं तेवढं सांगायचं. एखादं वचन, एखादा विचार, आणि काहीच आलं नसेल तर ‘काही नाही’. ‘काही नाही’ हेसुद्धा वडिलांकडे पूर्ण उत्तर होतं. म्हणजे थांबायचं, पुन्हा विचारायचं.

मला ही रीत फार आवडते. कामाला सुरुवात आहे, मुदत आहे, क्रम आहे. मी शाळेच्या ऑफिसात काम करते आणि मंडळीतल्या महिला संघाची सेक्रेटरी आहे, त्यामुळे मला अशा गोष्टींची कदर. पण त्याहून मला एक कुतूहल आहे ते लहानपणापासून. बाकीच्यांना कळतं कसं? भावाला वचन येतं. सकाळी बायबल वाचायला बसला की एखादी ओळ उठून दिसते म्हणतो. बोअरच्या वेळी त्याला पाण्याचं वचन आलं आणि बोअर कोरडी गेली. वडील म्हणाले, वचन बरोबर होतं, जागा तू निवडली. वहिनीला स्वप्न पडतं. आईला पोटात शांत वाटतं किंवा वाटत नाही. आणि मला? मी डोळे मिटून बसले की मला कामं सुचतात. अमक्याला फोन कर, तमकं बघून ये. मी वडिलांना एकदा विचारलं होतं की हा देव बोलतो की माझी सवय बोलते. ते म्हणाले, कामं करून बघ, मग कळेल.

आता विषय. माझी बहीण अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. अचलपूरला एका दवाखान्यात नर्स आहे. लग्न केलं नाही. आधी नोकरी, मग भावाचं शिक्षण, मग आईवडील तिच्याकडेच राहायला गेले. वडिलांचं शेवटचं आजारपण तिनं एकटीनं काढलं. ते गेले, आणि दिवसभर घरात एकटं बसायला नको म्हणून आई भावाकडे अमरावतीला आली. बहीण तिथेच राहिली. मी गेले की दिसायचं, ड्युटीवरून आली की ती गल्लीत कोणाचं बीपी बघायला, कोणाची पट्टी बदलायला निघायची. मी म्हणायची बस जरा. ती म्हणायची बसून काय करू.

मंडळ्यांचं वार्षिक अधिवेशन यंदा अकोल्याला झालं. तिथे ती प्रथमोपचाराच्या टेबलावर होती आणि पेटी वाजवायला एक गृहस्थ होते. पेटी म्हणजे हार्मोनियम. आमच्या उपासना पेटीशिवाय होत नाहीत. हे गृहस्थ विधुर, पन्नाशी ओलांडलेले, मूलबाळ नाही, जुन्या शहरात पेट्या दुरुस्त करायचं दुकान. खिळा लागून त्यांचं बोट फाटलं आणि हिनं ते बांधलं. महिनाभरानं अकोल्याच्या चर्चच्या पाळकांच्या पत्नीचा आईला या स्थळासाठी फोन आला. बहिणीनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. म्हणाली, बाबांच्या पद्धतीनं विचारा सगळे.

मला तो दिवस आठवतो, कारण मी तिचा चेहरा बघत होते. इतकी वर्षं आम्ही तिच्या हातून चहा घेतला, औषध घेतलं, पण तिनं आमच्याकडे काही मागितलंय असं मला आठवेना. आता मागितलं तर हे. त्यामुळे काम चोख व्हायला हवं होतं.

सोमवारी सकाळी मी बसले. नेहमीसारखं झालं. डोळे मिटले आणि आतून आलं: जाऊन बघ. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. नियमात आपसात बोलायचं नाही असं आहे, जाऊन बघायचं नाही असं कुठेही नाही. मी दोनदा विचार केला. गुरुवारी रजा टाकली.

पण नुसतं कसं जायचं? बाई नुसती दारात उभी राहिली की कशाला आली ते माणूस ओळखणारच. महिला संघाची पेटी माझ्याच ताब्यात असते. वर्षभर आम्ही म्हणत होतो की एकदा दाखवायला हवी. म्हणून मी पेटी घेतली, यजमानांनी ती बसस्टँडवर आणून दिली आणि काही विचारलं नाही, फक्त एवढं म्हणाले, ‘‘अमरावतीतले पेटीवाले मेले काय?’’

बसमध्ये पेटी मांडीवर घेऊन मूर्तिजापूरपर्यंत माझे पाय बधिर झाले. दोन्हीकडे कापूस फुटलेला, तूर कमरेएवढी. शेजारची बाई म्हणाली भजन आहे काय. मी म्हटलं हो.

दुकान मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरातल्या एका बोळात, राहत्या घराच्याच पुढच्या खोलीत. समोरच्या ओट्यावर फुलवाल्यांचं घर झेंडूचे हार ओवत बसलं होतं. आत चारपाच पेट्या उघडलेल्या, कोणाचा भाता निघालेला, कोणाच्या पट्ट्या. बार्शीटाकळीकडच्या कुठल्यातरी भजनी मंडळाचे दोघे जण आपली पेटी न्यायला आलेले होते आणि दरावरून गंमत चालली होती. ते गेल्यावर गृहस्थांनी मला सलाम केला, स्टूल पुसून दिलं.

आणि तेव्हा मला कोपऱ्यात ती खोळ दिसली.

भाऊ त्याच्या भागातल्या घरसभेत पेटी वाजवतो. त्याच्या पेटीला वहिनीनं आईच्या जुन्या इरकली लुगड्याची खोळ शिवलेली आहे, काठ बरोबर मधोमध. ती खोळ अमरावतीत शंभर पेट्यांत मी ओळखीन. ती पेटी अकोल्यात होती.

त्यांनी माझी पेटी उघडली, भाता मारला, एकेक पट्टी दाबत गेले, खालून वर, वरून खाली. मग म्हणाले, ‘‘हिले काही झालं नाही, बाई.’’

मी म्हटलं एक सूर अडकतो. त्यांनी विचारलं कोणता. मी एका पट्टीवर बोट ठेवलं. ती छान वाजली.

ते हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते. त्या लुगड्याच्या खोळीकडे बघून म्हणाले, ‘‘परवा एक भाऊ येऊन गेले. त्यायच्या पेटीलेही काही झालं नोतं. तुमाले काय विचारायचं हाये ते विचारा ना. पेटीले कावून आजारी पाडता?’’

मी उत्तर देणार तोच आतून घंटी वाजली. सायकलची घंटी. ते उठून आत गेले. दार उघडंच होतं. आत खाटेवर एक म्हातारी बाई, डावं अंग गेलेलं, उजव्या हाताजवळ खाटेच्या पट्टीला सायकलची घंटी स्क्रूनं बसवलेली. त्यांनी तिला पाणी पाजलं, मानेखाली उशी सारली. परत येऊन बसले. मी विचारलं आई का. म्हणाले, ‘‘माही सासू. पहिल्या बायकोची आई. आमची बुढी. बायको गेली तवा इले कोणीच नोतं, तं इथंच राहिली.’’

पुन्हा घंटी. या वेळी तिला विचारायचं होतं कोण आलं. मी आत गेले. चादर कोरडी होती, औषधं उन्हापासून दूर ठेवली होती, केस विंचरून वेणी घातलेली होती. वेणी वाकडी होती. ती कोणी घातली ते मला विचारावं लागलं नाही. समोरची फुलवाली घालती तर सरळ असती. बुढीनं मला भजनी मंडळातली समजून दोन प्रश्न विचारले आणि मग आवाज न उतरवता म्हणाली, ‘‘कोणी असशील तं असशील. याचं लग्न लावून दे बाप्पा. मले एकटीले याची पेटी ऐकू ऐकू कटाळा आला.’’

मी बाहेर येऊन बसले. बाहेर झेंडूचे हार चालूच होते. मी मनात यादी करून गेले होते. कमाई, घर कोणाच्या नावावर, पहिली बायको कशानं गेली, दारू, रविवारी चर्चला जातात की नुसते वाजवायला. ती सगळी यादी मी बाजूला ठेवली, कारण आता एकच प्रश्न उरला होता. माझी बहीण नर्स आहे. आणि इथे खाटेवर एक पेशंट आहे.

मी सरळ विचारलं. म्हटलं, ‘‘तुम्हाला बायको हवी आहे, का बुढीसाठी नर्स?’’

त्यांचा हात माझ्या पेटीच्या भात्यावर होता. भाता तसाच हळूहळू मिटत गेला, पट्टी कुठलीच दाबलेली नव्हती, नुसती हवा. मग म्हणाले, ‘‘मीही देवाले हेच विचारून राहिलो. रोज विचारतो. अजून मलेच समजलं नाही. समजलं असतं तं तुमाले खरं सांगतलं असतं.’’

मला आजही ठरवता येत नाही की हे उत्तर ऐकून मला बरं वाटलं की राग आला. ‘बायकोच हवी’ म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला नसता. ‘नर्स हवी’ म्हणाले असते तर मी पेटी उचलून निघाले असते. हे मधलंच काहीतरी. मी उठले. ते म्हणाले आता आणलीच आहे तर राहू द्या, भात्याची घडी जुनी झाली आहे, कधीतरी फुटेलच, बदलून ठेवतो. मी पेटी ठेवून आले.

परतीच्या बसमध्ये मांडी मोकळी होती आणि डोकं भरलेलं. भाऊ मंगळवारी गेला होता म्हणजे त्यानंही बुढीला पाहिलं असणार. त्यानं बहिणीला सांगितलं नसणार, नियम होता. मी सांगू शकत नव्हते, नियम होता. ती मात्र रविवारी येणार, आम्ही पाचजण गोल बसणार, आणि ती काही माहीत नसताना शेवटी हो म्हणाली तर? शुक्रवार आणि शनिवार मी फोन हातात घेऊन खाली ठेवत होते. वडिलांच्या नियमात एक अडचण मला प्रथमच दिसली. सगळे देवाशी बोलतात आणि कोणी कोणाशी बोलत नाही.

रविवारी आईनं प्रार्थना केली. तिची प्रार्थना छोटी असते. मग वहिनीनं सुरुवात केली, कारण वयानं ती सगळ्यात लहान.

वहिनी म्हणाली, ‘‘मले काही आलं नाही. स्वप्नही नाही. पण हे मंगळवारी पेटी घेऊन कुठं गेले होते ते यायनं सांगावं. आले तवापासून झोपले नाहीत, अन् पेटी घरी आली नाही.’’

भावाचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो शाळेत असताना शिक्षकांपुढे उभा राहायचा तसा. त्यानं आधी वचन सांगायचा प्रयत्न केला, चांगलं होतं, वाट पाहण्याबद्दल होतं, पण वहिनी त्याच्याकडे बघत राहिली आणि तो वचनाच्या मध्येच थांबला. मग म्हणाला की तो अकोल्याला गेला होता. पेटी दाखवायला. बुढी त्यानं पाहिली. काही न विचारताच परत आला, कारण विचारलं असतं तर भांडण झालं असतं. बहिणीकडे न बघता म्हणाला, ‘‘मले वाटते, त्याले बायको नाही पायजे.’’

माझी पाळी. मी क्रमानं सांगितलं. रजा, बस, पेटी. इथे वहिनी तोंडावर पदर घेऊन हसायला लागली, भाऊ माझ्याकडे बघत राहिला, म्हणाला, ‘‘तूही पेटीच नेली?’’ मी म्हटलं तुझी खोळ होती तिथे. आईनं डोळे मिटलेलेच होते, ते न उघडता ती म्हणाली, ‘‘जुन्या करारातल्या त्यानं खळ्यात लोकर ठेवली होती, सकाळी तिच्यावरच दव पडावं म्हणून. तुमी दोघायनं पेट्या ठेवल्या.’’

ती गोष्ट आम्ही लहानपणी शब्बाथ शाळेत शंभरदा ऐकलेली. माणसाला देवाचं म्हणणं नीट कळलं नाही म्हणून तो खूण मागतो. लोकर ओली, जमीन कोरडी. मग उलटं मागतो. देव दोन्ही वेळा देतो. मला तेव्हाही प्रश्न पडायचा की तिसऱ्यांदा मागितलं असतं तर काय झालं असतं.

मी पुढे सांगितलं. चादर, वेणी, घंटी. आणि मग मी विचारलेला तो प्रश्न, आणि त्यांनी दिलेलं उत्तर, त्यांच्याच शब्दांत. ते सांगताना मी बहिणीकडे बघत होते. मला वाटलं तिला धक्का बसेल. तिला काहीच माहीत नाही असं मी धरून चालले होते ना.

ती म्हणाली, ‘‘तो असा म्हणाला? ‘मलेच समजलं नाही’?’’

मी म्हटलं हो.

ती खाली बघून हसली. आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो, तरी नियमानं आईची पाळी आधी होती. आईनं एवढंच सांगितलं, ‘‘मले शांत वाटून राहिलं. कावून ते नका विचारू, मले सांगता येत नाही.’’

मग बहीण बोलली. तिला बुढीचं पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पेटीवाल्यांनी तिला फोन केला तेव्हा सगळ्यात आधी तेच सांगितलं होतं, स्वतःचं नाव सांगायच्याही आधी. तिनं आम्हाला मुद्दाम सांगितलं नाही. ‘‘तुमी तेच धरून बसले असते. तो मले राबवाले नेऊन राहिला म्हणून. राबाचं मले कोण्या घरी चुकलं?’’ भाऊ काही बोलणार होता, आईनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

‘‘तुमी सगळे देवाले विचारून राहिले, त्याले बायको पायजे का नर्स,’’ ती म्हणाली. ‘‘मी आठवडाभर दुसरंच विचारून राहिली. मले नवरा पायजे, का पेशंट?’’

वहिनीचं हसणं थांबलं.

मग तिनं सांगितलं. बाबा गेल्यावर सकाळी पाचला तिला जाग यायची, त्यांचं इंजेक्शन असायचं त्या वेळेला. अजूनही येते. उठून बसायची आणि हातांचं काय करायचं ते कळायचं नाही. म्हणून गल्लीतले लोक. अधिवेशनात या माणसाचं बोट बांधलं तेव्हा तिला तो आवडला, हे खरं. पण मग फोनवर त्यानं खाटेवरच्या बुढीचं सांगितलं आणि तिला आधीपेक्षा जास्त बरं वाटलं. याचीच तिला भीती वाटली. आपण त्याच्याकडे जाऊन राहिलो की त्या खाटेकडे? उद्या बुढी गेली, तर त्या घरात आपण दोघं राहू. मग काय? तो पेटी वाजवेल आणि आपण पुन्हा पाच वाजता उठून बसू?

‘‘तर देव काय म्हणाला?’’ मी विचारलं. नियमात प्रश्न विचारायला परवानगी नाही, पण मला राहवलं नाही. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

‘‘काही नाही,’’ ती म्हणाली.

वडिलांच्या नियमाप्रमाणे इथे बैठक संपते. थांबायचं, पुन्हा विचारायचं. पण मी थांबणारी नाही. दोन माणसं, दोन प्रश्न, एकमेकांना अगदी शोभणारे, आणि दोघांनाही उत्तर नाही. यातून मार्ग निघतो. मी लगेच सांगायला लागले: आधी बुढीसाठी पगारी बाई बघायची, अकोल्यात मिळतात, पाळकांच्या पत्नीला सांगता येईल. मग महिनाभर दोघांनी नुसतं भेटायचं, हिनं त्या खोलीत औषधाला हात लावायचा नाही. मग पुन्हा बैठक. मी तारखासुद्धा काढल्या असत्या.

बहीण म्हणाली, ‘‘ताई, ही यादी देवाले दे. मले नको देऊ.’’

आई हसली. बैठकीत आई हसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

नंतर वहिनीनं खुर्चीवरचे कपडे उचलले, चहा ठेवला, संत्री सोलली. निघताना, अचलपूरच्या बसची वेळ झाली तेव्हा, बहिणीनं चप्पल घालता घालता विचारलं की तुमच्या पेट्या तिथंच आहेत का दोन्ही. आम्ही हो म्हटलं. मी म्हटलं पुढच्या शनिवारी मी जाऊन घेऊन येते, नाताळ जवळ आला, सरावाला लागेल.

‘‘नको,’’ ती म्हणाली. ‘‘मी आणते.’’

भाऊ म्हणाला दोन पेट्या तुला एकटीला बसमध्ये कशा झेपतील. एक तर ताईनं मांडीवर घेतली तरी पाय गेले तिचे.

‘‘एक मले झेपते,’’ ती म्हणाली. ‘‘दुसरीचं पाहू.’’

बस आली आणि ती गेली.

डिसेंबर लागला. महिला संघाचा नाताळच्या गाण्यांचा सराव दर बुधवारी सुरू आहे. आम्ही टाळ्या वाजवून म्हणतो. पेटीचं काय झालं असं बायका विचारतात, मी म्हणते दुरुस्तीला आहे. कोणी म्हणतं एवढी काय बिघडली होती. मी म्हणते भाता.

बहिणीला मी फोन करते, पण विषय काढत नाही. बैठकीनंतर विषय ज्याचा त्याच्याकडे परत जातो, हाही वडिलांचाच नियम. फक्त मागच्या आठवड्यात मी पेट्यांचं विचारलं. पेट्यांबद्दल विचारायला माझी हरकत नाही, त्यातली एक संघाची आहे. ती म्हणाली, भात्याला नवं कापड लावलंय, गोंद वाळून राहिला. मी म्हटलं तुला कसं माहीत. ती म्हणाली, फोन आला होता. मी म्हटलं बरं.

परवा ऑफिसच्या कामानं मला अकोल्याला जावं लागलं. काम लवकर आटोपलं. परतीच्या बसला वेळ होता. मी मोर्णेच्या पुलापर्यंत रिक्षानं गेले आणि पुलावर रिक्षा थांबवली. पलीकडे गेलं असतं तर निदान आमची एक पेटी संध्याकाळी अमरावतीत असती. आतून रोजच्यासारखंच येत होतं: जा, घेऊन ये, आटप. हा आवाज देवाचा की माझा, ते मला अजून ओळखता येत नाही. रिक्षावाला म्हणाला, ‘‘जाचं का नाही पल्याड?’’

मी म्हटलं नाही, स्टँडवर घे.

घरी येऊन यादी काढली. वरची कामं झालेली होती, त्यांच्यावर रेघ मारली. खाली दोन ओळी राहिल्या आहेत. अकोला, संघाची पेटी. अकोला, भावाची पेटी. दोन्ही अजून आणायच्या आहेत.